दुसरे गिऱ्हाईक : वाळूजच्या कारखानदारीतून मुक्त बाजाराचा विचार

प्रश्न कुठे आहे

मुक्त बाजारावर मराठीत वाद सुरू झाला की तो बहुधा सरकार किती असावे याच मुद्द्यावर येऊन ठेपतो. एकीकडे परवाने, कोटा आणि इन्स्पेक्टर यांच्याबद्दलचा साठलेला राग असतो, दुसरीकडे सगळे नफेखोरांच्या हाती जाईल ही भीती. छत्रपती संभाजीनगरचा औद्योगिक इतिहास समोर ठेवला की ही मांडणी तोकडी पडते. औरंगाबाद या नावाने देशाला माहीत झालेली इथली कारखानदारी सरकारने आखलेल्या भूखंडांवर, सरकारी धरणाच्या पाण्यावर आणि विक्रीकराच्या सवलतींवर उभी राहिली. तिच्यातले काही उद्योग पुढे जर्मनी-इटलीपर्यंत पोहोचले, तर काही डोळ्यांदेखत कोसळले. यातले काहीच सरकारी आराखड्यात लिहिलेले नव्हते. सरकार कमी की जास्त, एवढ्या एका मोजपट्टीने या शहराचा अर्थ लागत नाही.

म्हणून इथे मी वेगळी कसोटी घेतो. बाजार किती मुक्त आहे हे ठरवायचे असेल तर त्यातल्या सर्वांत लहान उद्योजकाकडे पाहावे. त्याचा माल घेणारे दुसरे गिऱ्हाईक त्याला मिळू शकते का? त्याला लागणारी जागा, वीज, पाणी, कर्ज देणारा दुसरा कोणी त्याला गाठता येतो का? वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या शहराभोवतीच्या औद्योगिक वसाहतींतल्या शेडमध्ये लेथ, प्रेस किंवा व्हीएमसी (संगणकावर चालणारे मिलिंग यंत्र) चालवणाऱ्या माणसाचे स्वातंत्र्य या दोन प्रश्नांच्या उत्तरात असते. कायद्याच्या पुस्तकातला खुलेपणा त्याच्या दारापर्यंत पोहोचला की नाही, हे त्यावरूनच कळते.

उद्योजक कोणाला म्हणावे

अर्थशास्त्रात उद्योजकाची सर्वांत जुनी काटेकोर व्याख्या रिचर्ड कॅन्टिलॉनची आहे. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७५५ मध्ये छापला गेला. जो ठरलेल्या भावाने घेतो आणि न ठरलेल्या भावाने विकतो तो उद्योजक, असे त्याचे म्हणणे. शेतकऱ्याकडून आज धान्य घेऊन उद्या शहरात मिळेल त्या दराने विकणारा व्यापारी त्याच्या डोळ्यांसमोर होता. १९२१ मध्ये फ्रँक नाइटने या विचाराला धार लावली. ज्या धोक्याची शक्यता मोजता येते त्याचा विमा उतरवता येतो. जी अनिश्चितता मोजताच येत नाही ती कोणाला तरी अंगावर घ्यावी लागते, आणि नफा हा त्या अंगावर घेण्याचा मोबदला असतो. जोसेफ शुम्पीटरने १९११ मध्ये उद्योजकाला नव्या जुळणीचा कर्ता मानले: नवा माल, नवी पद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत. या जुळणीला लागणारा पैसा उद्योजकाकडे आधी नसतोच, तो बँकेने पुरवायचा असतो, हा त्याचा मुद्दा आपल्याकडे फारसा कोणी लक्षात घेत नाही. इस्रायल किर्झनरने १९७३ मध्ये जागरूकतेवर भर दिला. दोन भावांतली जी फट इतरांना दिसलेली नाही ती ज्याला दिसते तो उद्योजक.

या सगळ्यांना जोडणारा फ्रीडरिख हायेकचा १९४५ चा लेख आहे. समाजाला लागणारे ज्ञान एका जागी कधीच नसते, ते हजारो माणसांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले असते आणि भाव हे त्या तुकड्यांना जोडणारे साधन असते, हा त्याचा सिद्धान्त. औद्योगिक वसाहतीत वावरलेल्या माणसाला तो पटवून द्यावा लागत नाही. कोणत्या गल्लीतला टूलरूमवाला रात्रीतून डाय (साचा) दुरुस्त करून देतो, कोणाच्या पावडर कोटिंगला पावसाळ्यात फोड येतात, कोणत्या ट्रेडरकडचे पत्रे जाडीला नेमके उतरतात, ही माहिती कुठल्याही मंत्रालयाच्या फायलीत नसते आणि असूही शकत नाही.

आता या व्याख्या वाळूजमधल्या जॉबवर्क करणाऱ्याला लावून पाहा. कच्चा माल बहुतेक वेळा गिऱ्हाईकच पाठवते. ड्रॉइंग गिऱ्हाइकाचे. दर नगामागे ठरलेला, आणि दरवर्षी त्यात थोडी कपात मागितली जाणार हेही ठरलेले. डायचे पैसे मोठ्या कंपनीने दिलेले असतात, म्हणून डाय तिच्या मालकीची. तिच्यावर दुसऱ्याचा माल काढायला मनाई. घेण्याचा भाव आणि विकण्याचा भाव दोन्ही बांधलेले असल्याने कॅन्टिलॉनच्या अर्थाने हा माणूस उद्योजक ठरत नाही. तो पगारदारही नाही, कारण पुढच्या महिन्याचे शेड्यूल निम्म्यावर आले तर मशीनचा हप्ता, शेडचे भाडे आणि कामगारांची हजेरी त्याच्याच डोक्यावर राहते. माल लाइनवर रिजेक्ट झाला तर भुर्दंड त्याचाच. नाइट ज्या अनिश्चिततेबद्दल बोलतो ती या माणसाच्या वाट्याला पुरेपूर येते, पण तिचा मोबदला म्हणून मिळायला हवा तो नफा येत नाही. मुक्त बाजाराच्या पाठ्यपुस्तकांत या स्थितीला जागा नाही, आणि संभाजीनगरच्या हजारो लहान कारखानदारांची नेमकी हीच स्थिती आहे. या कोंडीतून बाहेर पडायचा दरवाजा म्हणजे दुसरे गिऱ्हाईक. ते आले की दर बोलता येतो, शेड्यूल पडले तरी शेड बंद पडत नाही, आणि आपले कसब दोन ठिकाणी पारखले गेल्याने त्याची खरी किंमत कळते.

भूखंड, सवलत आणि बजाज

मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेले खडकी, पुढचे औरंगाबाद, व्यापाराला नवे नव्हते. हिमरू आणि पैठणीचे माग, १८८९ ची कापडगिरणी, १९०० साली आलेला मनमाड-हैदराबाद लोहमार्ग एवढी शिदोरी निजामी राजवटीच्या शेवटापर्यंत जमली होती. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले तेव्हा मराठवाड्यात आधुनिक उद्योग नावालाच होता.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. रेल्वे स्टेशन, चिकलठाणा आणि नंतर वाळूज असे औद्योगिक पट्टे आखले गेले. मागास भागात कारखाना काढणाऱ्याला विक्रीकरात व अन्य सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून होती आणि ती वेळोवेळी वाढत गेली. जायकवाडीच्या नाथसागराने पाण्याची सोय केली. बजाज ऑटोने वाळूजला जानेवारी १९८४ मध्ये पायाभरणी केली आणि ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते कारखान्याचे उद्घाटन झाले.

तो काळ अजून परवान्यांचाच होता. १९५१ च्या उद्योग कायद्याने किती स्कूटर काढायच्या हे दिल्ली ठरवत असे. स्कूटरची नोंदणी करून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. कारखानदाराला माल वाढवायचा होता, गिऱ्हाईक आगाऊ पैसे घेऊन उभे होते, आणि मधे कायदा आडवा होता. हा अडसर २४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने बहुतांश उद्योगांपुरता दूर झाला. दुसरा एक अडसर मात्र दीर्घकाळ राहिला. १९६७ पासून काही वस्तू फक्त लघुउद्योगांसाठी राखून ठेवल्या जात होत्या. यादी वाढत आठशेच्या वर गेली आणि शेवटच्या वस्तू २०१५ मध्ये तिच्यातून निघाल्या. लहानांचे रक्षण हा हेतू होता. परिणाम असा की लहानाने मोठे व्हायचे ठरवले तर त्याचा आधारच जाई. लहान राहण्याबद्दल बक्षीस देणारे संरक्षण उद्योजकाचे पाय बांधते, असे माझे ठाम मत आहे.

इथे एक प्रामाणिक हिशेब मांडायला हवा. भूखंड आणि सवलती नसत्या तर वाळूज झाले नसते. पण त्याच साधनाने वाळूजचे नुकसानही केले. केंद्राने २००३ मध्ये उत्तराखंडला अबकारी करमाफीचे पॅकेज दिले. बजाजने २००७ मध्ये पंतनगरला कारखाना सुरू केला आणि वाळूजमध्ये घडलेल्या सुट्या भागांच्या मोठ्या पुरवठादारांनाही तिथे शेड उभारावी लागली. मनमाडहून रेल्वेने, नगर रस्त्याने येणारा माल, इथे शिकलेले फिटर, पिढीभर जमलेले टूलरूमचे जाळे यांतले काहीही पंतनगरला स्वस्त झालेले नव्हते. फक्त कर स्वस्त झाला होता. सवलत हा भाव नव्हे. तिच्यावर आलेला उद्योग जास्त मोठ्या सवलतीकडे जातो. त्या उद्योगाभोवती जमलेले कसब मात्र जिथल्या तिथे राहते, आणि धोरण आखताना मोजायचे असेल तर ते मोजावे.

पहिले गिऱ्हाईक आणि त्यानंतरची

मोठा खरेदीदार लहानाला पिळतो एवढेच म्हणणे अर्धवट होईल. तो शिकवतोही. मोजमापातला शिस्तीचा आग्रह, वेळेवर माल, दहा लाख नगांत किती खराब याचा हिशेब, हे सारे वाळूजच्या लहान शेडमध्ये बजाजमुळे आले. मराठवाड्यातली शेतावरून आलेली तरुण मुले या शिस्तीत तयार झाली. डॉ. आंबेडकरांनी १९१८ मध्ये शेतजमिनींच्या तुकड्यांवर लिहिलेल्या निबंधात सांगितले होते की शेतीवरचा जादा माणूस उद्योगाकडे वळवल्याशिवाय तुकड्यांचा प्रश्न सुटणार नाही. त्यांनीच १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय सुरू केलेल्या या शहरात तो विचार वाळूजच्या बजाजनगरच्या खोल्यांमधून, रांजणगावच्या चाळींमधून खरा होताना दिसला.

याच काळात अनुरंग जैन यांनी १९८५ मध्ये अॅल्युमिनियम डायकास्टिंगचा उद्योग सुरू केला, तो आजचा एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज. त्यांचे जुळे बंधू तरंग जैन यांनी पुढच्या काही वर्षांत व्हॅरॉक उभा केला. दोघे बजाज ऑटोचे राहुल बजाज यांचे भाचे. पहिले गिऱ्हाईक मामाचा कारखाना होता ही वस्तुस्थिती लपवण्याचे कारण नाही. भारतातल्या कितीतरी उद्योगांत पहिले पाऊल नात्याने पडते, कारण अनोळखी माणसावर विश्वास ठेवण्याची व्यवस्था आपल्याकडे महाग आहे. विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यानंतरचे. दुसरे, तिसरे, दहावे गिऱ्हाईक नात्याने आलेले नाही. एन्ड्युरन्सने सस्पेन्शन, ब्रेक, क्लच यांत स्वतःची क्षमता उभी केली, इतर दुचाकी कंपन्या जोडल्या, जर्मनी व इटलीतले ढलाईचे कारखाने घेतले आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात पाऊल टाकले. व्हॅरॉकने २०१२ मध्ये अमेरिकेच्या व्हिस्टिऑन कंपनीचा वाहनदिव्यांचा व्यवसाय घेतला. तो पेलला नाही, तेव्हा २०२२ मध्ये युरोप-अमेरिकेतला चारचाकी दिव्यांचा व्यवसाय फ्रान्सच्या प्लास्टिक ऑम्नियमला विकून टाकला. मी ही विक्री अपयशात मोजत नाही. चुकलेल्या अंदाजातून वेळेवर बाहेर पडता येणे हे उद्योजकतेचे अंगच आहे, आणि ते जमल्यानेच बाकीचा व्यवसाय शाबूत राहिला.

गिऱ्हाईक एकापेक्षा जास्त असण्याची गरज का, हे स्कूटर संपली तेव्हा सगळ्यांनाच कळले. स्कूटरचे अंग पत्र्याचे, प्रेसवर दाबलेले. मोटारसायकलला नळीची चौकट, पुढचे फोर्क, जास्त ढलाई. नव्वदच्या दशकात लोकांची पसंती बदलली आणि २००९ मध्ये बजाजने स्कूटरमधून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. शुम्पीटरने १९४२ च्या ग्रंथात सांगितलेले जुने मोडून नवे घडवणारे वादळ वाळूजमध्ये प्रेसशॉपवाल्यांच्या शेड्यूलमधून आले. ज्यांच्याकडे फक्त स्कूटरचा एखादा भाग होता त्यांची मशीन बसून राहिली. ज्यांनी आधीच कृषी अवजारे, पॅनेलचे खोके किंवा दुसऱ्या कंपनीचा भाग हाती घेतला होता ते टिकले.

चितेगावचा धडा

पैठण रस्त्यावरच्या चितेगावचा व्हिडिओकॉन हा या शहराचा सर्वांत मोठा स्वदेशी अभिमान होता. साखर आणि कापसातून वर आलेल्या धूत कुटुंबाने रंगीत टीव्ही घरोघरी नेला. नव्वदच्या दशकात सॅमसंग आणि एलजी भारतात आल्या. इथपर्यंत बाजाराचे काम बाजारासारखेच चालले होते. पुढे टीव्ही-फ्रिजमधून तेल आणि मोबाइल सेवेपर्यंत विस्तार होत गेला आणि बँका कर्ज देत राहिल्या. शुम्पीटरच्या मांडणीत बँकर हा नव्या जुळणीचा परीक्षक असतो. तो परीक्षा घेणे थांबवतो तेव्हा चुकीची जुळणीही वर्षानुवर्षे पैशावर तरंगत राहते.

जून २०१८ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. मान्य झालेले आर्थिक देणे ६४ हजार कोटींवर आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने मंजूर केलेली बोली २,९६२ कोटींची, म्हणजे शेकडा साडेचारच्या आसपास. माल पुरवणाऱ्यांच्या वाट्याला त्या योजनेत ०.७२ टक्के येणार होते, शंभर रुपयांच्या उधारीला ७२ पैसे. अपिलीय न्यायाधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये ही मंजुरी रद्द केली, पण तोवर साडेतीन वर्षे गेली होती.

मुक्त बाजाराच्या समर्थकांनी या प्रकरणाकडे टक लावून पाहावे, असे मला तीव्रतेने वाटते. आपण प्रवेशाच्या स्वातंत्र्याबद्दल भरभरून बोलतो आणि बाहेर पडण्याच्या व्यवस्थेबद्दल गप्प राहतो. १९९१ नंतर कारखाना काढणे सोपे झाले. तो बंद करणे, विकणे, त्याची मशीन आणि जमीन दुसऱ्याच्या हाती वेळेत देणे सोपे झाले नाही. २०१६ चा दिवाळखोरी कायदा हा त्या दिशेने पहिला गंभीर प्रयत्न आहे आणि त्यातही सर्वांत शेवटी उभा असतो तो लहान पुरवठादार. चितेगावच्या आसपास ज्यांचे ते एकच गिऱ्हाईक होते त्यांना दिवाळखोरीची नोटीस काढायला वकीलही लागला नाही. ते आधीच संपले होते.

कायद्याने लादलेले एकच गिऱ्हाईक

शेडमधल्या माणसाची ही कोंडी मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने आधीच भोगली होती, आणि तीही सरकारच्या हातून. महाराष्ट्राने १९७१ मध्ये कायदा करून १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. राज्यातला कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा, पैसे हप्त्याहप्त्याने घ्यायचे. शेजारच्या राज्यात भाव चढला की कापूस रात्री सीमा ओलांडू लागला आणि स्वतःच्या शेतातला माल विकणाऱ्याला चोरट्यासारखे जावे लागले. शरद जोशी यांनी शेतकरी संघटनेच्या व्यासपीठावरून मांडलेला विचार इथे नेमका बसतो. शेतकरी गरीब आहे कारण त्याच्या मालाचा भाव पाडून ठेवला जातो, अनुदानाने ती भरपाई होत नाही, त्याला बाजारात जाण्याचे आणि न जाण्याचे स्वातंत्र्य हवे, अशी ती मांडणी होती. मुक्त बाजाराचा विचार मराठीत पुस्तकांपेक्षा रस्त्यावर आला, चाकणच्या कांद्याच्या आणि विदर्भ-मराठवाड्याच्या कापसाच्या प्रश्नातून आला, हे आपल्या वैचारिक इतिहासातले मोठे वैशिष्ट्य आहे. त्याची नोंद विद्यापीठांनी पुरेशी घेतलेली नाही.

याच पट्ट्यात या एकाधिकाराला जिवंत पर्याय उभा राहत होता. १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यातच असलेल्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाण्यांची कंपनी काढली. संकरित बियाणे शेतकऱ्यांच्याच शेतावर कराराने तयार करून घ्यायचे, ही त्यांची पद्धत. परागीकरणाचे नाजूक काम शिकलेल्या कुटुंबांना धान्य-कापसाच्या पलीकडे विकण्यासारखे काहीतरी मिळाले. १९९८ मध्ये बारवाले यांना वर्ल्ड फूड प्राइज मिळाले. जालन्यात त्यानंतर बियाण्यांच्या इतक्या कंपन्या उभ्या राहिल्या की बीजोत्पादन करणाऱ्याला करार बदलता येऊ लागला. किर्झनर म्हणतो ती जागरूकता पीएच.डी.शिवायही असते, याचा इतका स्पष्ट दाखला मला मराठवाड्यात दुसरा दिसत नाही.

खासगी म्हणजे मुक्त नव्हे

विकण्याच्या बाजूचा हा विचार घेण्याच्या बाजूलाही लागू होतो. लहान कारखानदाराला जागा आणि पाणी एका महामंडळाकडून, वीज एका कंपनीकडून. २००३ च्या वीज कायद्याने एक मेगावॅटहून अधिक मागणी असणाऱ्याला दुसऱ्याकडून वीज घेण्याची मुभा दिली. शेडमधला जॉबवर्कवाला त्या उंबरठ्याच्या खूप खाली असतो. २०२२ मध्ये हरित विजेपुरता हा उंबरठा शंभर किलोवॅटवर आला, ते चांगले झाले.

संभाजीनगरने या बाबतीत दोन मोलाचे अनुभव घेतले आहेत. शहर विभागाचे वीजवितरण २०११ मध्ये जीटीएल या खासगी कंपनीकडे फ्रँचाइझी म्हणून गेले आणि २०१४ मध्ये थकबाकीच्या कारणावरून महावितरणने ते परत घेतले. पाण्यासाठी ७९२ कोटींच्या समांतर जलवाहिनीचा खासगी भागीदारीचा करार झाला, तो २०१६ मध्ये महापालिकेने रद्द केला. दोन्ही वेळा शहरात निष्कर्ष काढला गेला की खासगीकरण फसले. मला तो निष्कर्ष अपुरा वाटतो. दोन्ही योजनांत ग्राहकाला निवडीची एक कणभरही वाढ मिळाली नव्हती. सरकारी मक्तेदारी उचलून खासगी हातात दिली होती, आणि जिथे ग्राहक सोडून जाऊ शकत नाही तिथे कोणाच्याही हातातली मक्तेदारी तशीच वागते. मुक्त बाजाराच्या नावाने असे करार केले जातात तेव्हा सर्वांत मोठे नुकसान त्या विचाराचेच होते.

पाण्याचा प्रश्न याहून कठीण आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होते, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने साठ टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला. पिण्याच्या पाण्याला पहिला हक्क देणे योग्यच होते. पण ही कपात आदेशाने आणि अखेरच्या क्षणी आली. टंचाईच्या वर्षात पाण्याचा दर आधीपासून चढता ठेवला असता तर पुनर्वापराचा खर्च कारखान्यांनी आधीच केला असता. गरजेपुरते पाणी सर्वांना हक्काने आणि त्यापलीकडचे भावाने, हा तोडगा मला हायेकच्या विचाराशी आणि मराठवाड्याच्या न्यायबुद्धीशी जुळणारा वाटतो.

आक्षेप

न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्यात डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात इंग्लंडात घडलेले अर्थशास्त्राचे नियम जसेच्या तसे भारताला लागू होत नाहीत आणि उद्योग उभे करायला राज्यसंस्थेचा हात लागतो, असे प्रतिपादन केले होते. वाळूजचा भूखंड हा त्यांच्या बाजूचा पुरावा आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र राज्याच्या सगळ्या कृती एका पारड्यात घालता येत नाहीत. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूलरूममध्ये कोणत्याही कारखानदाराची डाय बनते आणि तिथे शिकलेला टूलमेकर कोणाकडेही कामाला जाऊ शकतो. वाळूजच्या मराठवाडा ऑटो क्लस्टरमध्ये ज्याला स्वतःचे तपासणी यंत्र परवडत नाही तो नगाची चाचणी करून घेतो. या कृती गिऱ्हाइकांची संख्या वाढवतात. करमाफीचे पॅकेज एखाद्या कंपनीचा ताळेबंद सुधारते आणि तिथेच थांबते. रानड्यांचा आक्षेप पहिल्या प्रकाराला पूर्ण बळ देतो, दुसऱ्याला देत नाही.

उद्योजक आणि मुक्त बाजार यांची सांगड आपोआप बसत नाही, हेही सांगायला हवे. १९९३ मध्ये राहुल बजाज यांच्यासह काही मोठ्या उद्योगपतींनी, ज्यांना पुढे बॉम्बे क्लब म्हटले गेले, परदेशी स्पर्धेआधी देशी उद्योगाला समान संधी द्या अशी मागणी केली. परवान्यांविरुद्ध झगडलेला माणूस स्पर्धेच्या दारात काही वेळ मागतो यात विसंगती दिसली तरी ती मानवी आहे. अॅडम स्मिथला व्यापाऱ्यांच्या अशा हितसंबंधांची पूर्ण जाणीव होती. म्हणून मुक्त बाजाराची बाजू मांडताना उद्योगपतींची बाजू मांडतो आहोत असे मानण्याचे कारण नाही.

आज काय पाहावे

२००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे मिळाले पाहिजेत असे ठरवले. तक्रारीची सोयही आहे. तरीही एकाच कंपनीला माल देणारा व्हेंडर तक्रार करत नाही, कारण निकाल लागेल तेव्हा लागेल, पुढची खरेदी ऑर्डर मात्र लगेच थांबते. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात तरतूद आणली की मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट त्या वर्षी खरेदीदाराला मिळणार नाही. लगेच लहान पुरवठादारांतच धास्ती पसरली की आता कंपन्या त्यांना सोडून मध्यम आकाराच्या कारखान्यांना ऑर्डर देतील. ती धास्ती साधार होती. ज्याच्याकडे पर्याय नाही त्याला दिलेला हक्क वापरता येत नाही आणि प्रसंगी उलटतो.

जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पाचा करार केला. जागा बिडकीनची, शेंद्रा-बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांच्या ऑरिक वसाहतीतली. एथर एनर्जीच्या विजेवरच्या स्कूटरच्या कारखान्यासाठीही तिथलीच जागा ठरली. २० हजार कोटी हा आकडा वर्तमानपत्राच्या मथळ्याला ठीक आहे. वाळूजच्या शेडवाल्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते जवळच, बजाजहून वेगळी शिस्त आणि वेगळे ड्रॉइंग असलेले गिऱ्हाईक येणे. विजेच्या स्कूटरला इंजिन आणि गिअरचे भाग लागत नाहीत, त्यामुळे काहींचे आजचे काम जाणारही आहे. नव्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचायला त्यांना गुणवत्तेची प्रमाणपत्रे, नवी टूलिंग आणि सहा-आठ महिने उत्पन्नाशिवाय तग धरण्याइतके भांडवल लागेल. बँका हे कर्ज आज जमिनीच्या तारणावर देतात. हातातल्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या ऑर्डरवर ते दिले जाईल तेव्हा शुम्पीटरचा बँकर मराठवाड्यात आला असे म्हणता येईल. आणि ऑरिकमध्ये एकरांनी मोजलेल्या भूखंडांशेजारी पाच-दहा हजार चौरस फुटांचे गाळे भाड्याने मिळाले पाहिजेत, कारण टोयोटाचा पहिला नग तपासायला देणारा कारखानदार पहिल्या दिवशी जमीन विकत घेऊ शकत नाही.